पद्मिनी पसरणी घाटात पाणी फेकते, रेडिएटर कुठला टाकू?

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. 1983 ची प्रीमियर पद्मिनी, गाडी सांगलीला विश्रामबागेत असते, मागच्या वर्षी इंजिनकाम झालंय, गावात तापमानाचा काटा मधेच राहतो पण मे महिन्यात फॅमिली घेऊन पाचगणीला जाताना पसरणी घाटात अर्ध्यावर गाडीने पाणी फेकलं आणि बोनेट उघडून रस्त्याकडेला थांबावं लागलं. मिस्त्री म्हणतो ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर टाका, मित्र म्हणतो मारुतीचा बसव आणि पुढं इलेक्ट्रिक फॅन लाव, आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) इंजिनकामात काढून टाकलाय. यातलं काय करू, असं तुमचं विचारणं आहे.

आधी सरळ उत्तर देतो कारण नंतर मी लांबण लावणार आहे. आहे त्याच रेडिएटरच्या टाक्या ठेवून तांब्याची नवीन कोअर (पाण्याच्या बारीक ट्यूबा आणि फिन्सची मधली जाळी) टाकून घ्या, तीन रो ची, म्हणजे ट्यूबांच्या तीन रांगांची. फॅनभोवती श्राउड करा, म्हणजे हवा पूर्ण जाळीतून खेचली जाईल असा पत्र्याचा घेर. कॅप नवीन, योग्य प्रेशरची. थर्मोस्टॅट परत बसवा. ब्लॉक आतून धुवा. ॲल्युमिनियमची तुमच्या गाडीला गरज नाही आणि इलेक्ट्रिक फॅन सध्या बाजूला ठेवा. पण यातलं सुद्धा काही करायच्या आधी एक रविवार काढून गाडी नीट तपासा, कारण रेडिएटर छोटा पडतोय हे अजून कुणी बघितलेलंच नाही, मिस्त्रीने अंदाज सांगितलाय फक्त.

छोटा पडतोय हे मला का पटत नाही ते सांगतो. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. ढोबळ हिशोब असा असतो की पेट्रोल जळून जी उष्णता होते त्यातला साधारण एक हिस्सा चाकाला जातो, एक हिस्सा सायलेन्सरमधून जातो आणि तेवढाच एक हिस्सा पाण्यात उतरतो. म्हणजे फुल दाबलेल्या पद्मिनीत रेडिएटरला तीस किलोवॉटच्या घरात उष्णता बाहेर टाकायची असते, बाथरूममधले 2 किलोवॉटचे पंधरा गिझर एकदम चालू केल्यासारखं. आकडा मोठा वाटतो पण कंपनीने तेवढ्याचा विचार करूनच रेडिएटर दिलेला होता. याच गाड्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये, मे महिन्याच्या दुपारी, दिवसभर चालल्या, अगदी 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत. तेव्हा मापाचा रेडिएटर पुरत नाही असं नसतं, तो चाळीस वर्षांत अर्धा बुजलेला असतो किंवा इंजिनच जास्त उष्णता करत असतं किंवा वारा नीट खेचला जात नसतो.

आता गाडी कधी तापते यावर सगळं ठरतं. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये उभी असताना काटा चढतो आणि गाडी चालायला लागली की उतरतो, तर तो वाऱ्याचा प्रॉब्लेम आहे, म्हणजे फॅन, श्राउड, बेल्ट, नाहीतर जाळीच्या फिन्समध्ये भरलेली घाण. उलटं म्हणजे गावात ठीक आणि हायवेला 70-80 ने सलग चालवली की काटा हळूहळू वर सरकत जातो, तर पाणी फिरत नाहीये, ट्यूबा बुजल्यात किंवा पाण्याचा पंप कमी पडतोय किंवा खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतोय. तुम्ही गावातलं लिहिलं, घाटातलं लिहिलं, पण पेठ नाक्याला हायवेला लागून कराडपर्यंत जाताना काटा कुठं होता ते लिहिलं नाहीत, आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात कामाची माहिती आहे. एकदा मुद्दाम जाऊन बघा. सकाळी नको, दुपारी एक-दोनला जा.

घाटात दोन्ही गोष्टींची परीक्षा एकदम होते. वाई सोडून पसरणी चढायला लागलात की सेकंड गिअर, स्पीड 25-30, म्हणजे पुढून वारा जवळजवळ नाहीच, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, पुढं एसटी, मागं ट्रॅव्हल्स, गाडीत पाच माणसं आणि डिकी भरलेली. वर आणखी एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही, उंची. पाचगणी 1300 मीटरच्या आसपास आहे आणि तिथं उघडं पाणी 96 अंशालाच उकळतं, सांगलीत 98 ला. फरक किरकोळ वाटतो पण कॅप नीट असेल तर 7 पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप) कॅपखाली तेच पाणी वर सुद्धा 108 अंशापर्यंत उकळत नाही. आणि कॅप मेलेली असेल तर 96 लाच खेळ खलास. म्हणजे सांगलीत 96-97 वर चालणारी गाडी तुम्हाला ठणठणीत वाटते आणि तीच गाडी तेवढीच तापलेली असताना घाटात पाणी फेकते. म्हणून तपासणीला सुरुवात कॅपपासून करा, सगळ्यात स्वस्त पार्ट आहे तो.

गाडी पूर्ण थंड असताना कॅप काढा आणि उलटी करून बघा. खाली मोठा रबर असतो स्प्रिंगवर, तो दाबून बघा, दाबायला चांगला जोर लागला पाहिजे आणि रबरावर रेडिएटरच्या तोंडाचा गोल वळ एकसारखा उठलेला पाहिजे, एका बाजूला खोल आणि एका बाजूला काहीच नाही असं असेल तर कॅप बसतच नाहीये. मधे एक छोटी पितळी चकती असते, नखाने ओढली की सुटते आणि परत बसते. गाडी थंड होताना आत जो व्हॅक्यूम होतो तो तीच सोडते. ती जाम झाली की सकाळी वरचा होज पिचकलेला दिसतो. आणि नुसती कॅप बदलून भागत नाही, रेडिएटरच्या गळ्याच्या आतली कडा बोटाने फिरवून बघा, तिथं पोचा किंवा गंज असेल तर नवीन कॅप पण सील होणार नाही.

दुकानदार 13 किंवा 15 पीएसआयची देईल, म्हणेल साहेब ही भारी आहे. घेऊ नका. त्या काळच्या गाड्यांना 4 ते 7 च्या घरात कॅप असायची, टाक्या झाळलेल्या असतात, जास्त प्रेशर दिलं की सांधे उलतात नाहीतर पंपाचं सील जातं. जुन्या कॅपवर आकडा असेल तोच घ्या.

पाण्याच्या लेव्हलचं पण सांगतो कारण इथं खूप जण फसतात. ज्या जुन्या गाडीत जास्तीचं पाणी धरणारी बाटली नाही, ओव्हरफ्लोची नळी सरळ खाली जमिनीकडे सोडलेली आहे, त्यात पाणी गळ्यापर्यंत काठोकाठ भरायचं नसतं. पाणी तापलं की फुगतं, त्याला एक-दीड इंच जागा पाहिजे. काठोकाठ भरलं की पहिल्याच फेरीत जास्तीचं पाणी नळीतून जातं, मालक बघतो पाणी कमी झालं, परत काठोकाठ भरतो, परत जातं, आणि मग गाडी पाणी खाते म्हणून इंजिन खोलायची भाषा सुरू होते. ट्यूबा झाकल्या गेल्या की बास. बाटली लावायची असेल तर जरूर लावा, चांगली गोष्ट आहे, पण मग कॅप पण बाटलीवाली पाहिजे, जिच्या वरच्या झाकणाला सुद्धा आतून रबर असतो. साध्या कॅपवर बाटली लावली तर पाणी बाटलीत जाईल पण परत ओढलं जाणार नाही, हवा ओढली जाईल.

आता इंजिन. काम होऊन वर्ष झालंय म्हणताय पण गाडी किती चाललीय ते महत्त्वाचं, नवीन रिंग-पिस्टनचं टाइट इंजिन सुरुवातीचे हजारेक किलोमीटर जरा गरमच चालतं. त्यापेक्षा मला टायमिंगची, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते त्याची, शंका जास्त आहे. बरेच मिस्त्री टायमिंग कानावर लावतात आणि नॉकिंग नको म्हणून मागं ठेवतात. टायमिंग मागं असलं की पेट्रोल उशिरा जळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी आत जळतच असतं, ती सगळी उष्णता हेडमध्ये आणि पाण्यात जाते आणि गाडी ओढत पण नाही, म्हणून तुम्ही आणखी दाबता. टायमिंग लाइट लावून बघायला सांगा, आणि डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमची बारीक नळी जागेवर आहे का, फुटलीय का तेही. शिवाय आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आहे, आणि कार्ब्युरेटरच्या जुन्याच जेटवर (पेट्रोल येण्याच्या भोकावर) त्याचं मिश्रण पातळ पडतं. प्लग काढून बघा, चॉकलेटी असतील तर ठीक, पांढरेफटक असतील तर मेन जेट एक नंबर मोठं टाकून बघायला हरकत नाही.

हेड गॅस्केटची, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधल्या पॅकिंगची, खात्री करून घ्या. थंड गाडी, कॅप काढलेली, पाणी दिसेल एवढं, चालू करा आणि कुणालातरी रेस देत ठेवायला सांगून आत बघा. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे येतात ते हवेचे, पण रेस दिली की सोडावॉटरसारखे सतत येतच राहिले तर सिलिंडरचं प्रेशर पाण्यात येतंय, मग जगातला कुठलाही रेडिएटर टाका उपयोग नाही. इंजिनकामात आणखी दोन गोष्टी होतात, गॅस्केट उलटी बसली की पाण्याची भोकं झाकली जातात, आणि सिलिकॉन पेस्ट सढळ हाताने लावली की तिचे तुकडे सुटून पाण्यात फिरतात आणि ट्यूबांच्या तोंडाशी जाऊन बसतात. कोअर खोलल्यावर लाल किंवा राखाडी रबराचे दोरे निघाले की समजायचं.

आणि गाडी घाटात बंद पडली पण काटा वर गेलेलाच नव्हता, असं असेल तर ते तापणं नाहीच, तो व्हेपर लॉक आहे, इंजिनवरच्या पेट्रोल पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ झालीय. पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकलं की दहा मिनिटांत गाडी सुरू होते हे जुन्या लोकांना माहीतच आहे. तुमच्याकडे पाणी उडालं म्हणजे तुमचा विषय तो नाही, पण वाचणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांचा तोच असतो.

हे सगळं झालं की मग रेडिएटर. बाजारात आता इन्फ्रारेड थर्मामीटर गन स्वस्त मिळते, ती घ्या. गाडी गरम करून जाळीवर वरपासून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे फिरवा. पितळी चकचकीत टाकीवर ती चुकीचा आकडा दाखवते म्हणून तिथं मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मारा. वरच्या टाकीत आणि खालच्या टाकीत साधारण 6 ते 12 अंशाचा फरक असावा. मधेच एखादा पट्टा गार लागला तर त्या ट्यूबा बंद आहेत. फरक खूपच जास्त असेल तर पाणी फार हळू चाललंय, आणि फरक जवळजवळ नाहीच पण दोन्हीकडे कडक तापलेलं असेल तर वारा जात नाहीये.

मग रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे न्या आणि वरची टाकी तुमच्यासमोर सोडवायला सांगा. नक्की थांबा तिथं. टाकीची झाळ सुटली आणि ती उचलली की खाली ट्यूबांची तोंडं रांगेत दिसतात, चपटी, पेन्सिलच्या जाडीपेक्षा अरुंद. सांगली-मिरजेच्या गाड्यांत मी जे बघतो ते असं, की त्या तोंडांवर पांढरा-पिवळा थर कडेकडेने वाढत आलेला असतो, मधल्या ट्यूबांना फट राहिलेली असते आणि कडेच्या पूर्ण बंद, टोकदार तार घालून बघितली तर खडूसारखा चुरा पडतो. कारण बोअरचं पाणी. मिरज, पलूस, वाळवा भागात जमिनी क्षारपड झाल्यात हे तुम्हाला मी सांगायला नको, तेच क्षार वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये पाणी टॉपअप करताना आत गेले. पाणी वाफेने उडून जातं, क्षार आतच राहतात.

रेडिएटरवाला म्हणेल सळई मारून साफ करून देतो. दहा वर्षं जुनी कोअर असेल तर ठीक आहे, चाळीस वर्षांची असेल तर नको, कारण ट्यूबा आतून झिजलेल्या असतात, सळई मारताना फुटतात, आणि फिन्सची ट्यूबांना धरलेली झाळ सुटलेली असते. हे बोटाने कळतं. फिन्स हलक्या हाताने हलवून बघा, हलल्या आणि हिरवट पावडर पडली तर ट्यूबेतली उष्णता फिनपर्यंत पोचतच नाही. बाहेरून रंग मारलेला सुंदर रेडिएटर, आत सगळं साफ, आणि तरी गाडी तापते, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

नवीन कोअर घेताना रेडिएटरवाल्याशी तीन गोष्टी बोलून घ्या. पहिली रो किती. दोनच्या जागी तीन करा, तुमच्या टाकीची प्लेट तेवढी रुंद होते का ते तो बघेल. चार करू नका, कोअर जाड झाली की घाटातल्या कमी वाऱ्यात मागच्या रो ला आधीच तापलेली हवा मिळते, आणि फॅन कोअरला जवळ येतो ती भानगड वेगळी. दुसरी, फिन्स एका इंचात 10 ते 12 च ठेवा. दाट फिन्स कागदावर भारी दिसतात पण आपल्याकडे ऊसतोडीच्या सीझनला रस्त्यावर पाचट, धूळ, बगॅसचा भुसा उडत असतो, दाट जाळी दोन महिन्यांत गच्च होते. तिसरी, कोअरची लांबी-रुंदी फ्रेममध्ये बसेल तेवढी पूर्ण घ्या, दोन बाजूला पत्र्याच्या पट्ट्या मारून छोटी कोअर बसवण्याची पद्धत आहे ती चालवून घेऊ नका. उष्णता किती बाहेर जाते ते सगळ्यात जास्त समोरच्या क्षेत्रफळावर ठरतं, जाडीवर नाही. कोअरचा भाव तांब्याच्या दरावर चालतो, त्यामुळे कुणी फारच स्वस्त देतोय म्हणाला तर काहीतरी पातळ आहे एवढं समजा. झाल्यावर प्रेशर टेस्ट तुमच्यासमोर, पाण्याच्या हौदात बुडवून.

ॲल्युमिनियमबद्दल माझं वैर नाहीये. एक इंच रुंद ट्यूबांचा दोन रो चा ॲल्युमिनियम रेडिएटर तांब्याच्या चार रो च्या तोडीस तोड काम करतो, वजनाला हलका असतो, आणि ज्याने अँबेसिडरमध्ये मोठं इंजिन आणि एसी टाकलाय त्याला मी स्वतः तोच सांगतो. पण तुमच्या गाडीला तो नको म्हणायची कारणं आहेत. एक तर त्याला नुसतं पाणी अजिबात चालत नाही, आणि वाटेत ढाब्यावरचं बोअरचं पाणी ओतायची वेळ आली की तो आतून सडायला लागतो. फुटला तर कुपवाडच्या एमआयडीसीत टिग वेल्डिंगवाला मिळेल, पण एखाद्या गावात रात्री मिळणार नाही, तांब्याचा मात्र कुठलाही जुना माणूस डाख देऊन चालू करून देतो. बसवताना रबर पॅकिंगवरच बसवायला लागतो, बॉडीशी थेट लोखंड-ॲल्युमिनियम भिडलं आणि अर्थिंग खराब असलं की करंट पाण्यातून वाट काढतो आणि भोकं पडतात. आणि तुमची गाडी ओरिजिनल आहे, पुढं कधी व्हिंटेज-क्लासिक रॅलीला नेलीत तर बोनेट उघडल्यावर पहिली नजर तिथंच जाते.

मारुतीचा बसवायचा विचार सोडा. प्लास्टिक टाकीचा रेडिएटर वेगळ्या उंचीचा, होजचं माप वेगळं, कॅप वेगळ्या प्रेशरची, मग रिड्यूसर लावा, क्लॅम्प लावा, आणि मुख्य म्हणजे भरायचं तोंड सगळ्या सिस्टीममध्ये सगळ्यात उंचावर राहत नाही. ते इंजिनच्या थर्मोस्टॅट हाउसिंगपेक्षा खाली गेलं की हेडमध्ये हवा अडकते आणि ती कधीच निघत नाही. जुगाड चालतो, बघितलेत चालताना, पण त्यात तुमचा जेवढा वेळ जाईल तेवढ्यात दोन कोअरी होतात.

फॅनचं म्हणाल तर श्राउड हाच खरा बदल आहे. फॅन उघडा असला की तो त्याच्या गोलाएवढ्या जागेतूनच हवा खेचतो, कोपरे तसेच राहतात, आणि कडेची गरम हवा गोल फिरून परत पुढं येते. पत्र्याचं श्राउड करून घ्या, पूर्ण कोअर झाकणारं, गोल भोक फॅनच्या पात्यांपासून चारी बाजूंनी बोटभर अंतर सोडून, आणि पाती श्राउडच्या भोकात निम्मी आत निम्मी बाहेर. कोअर आणि फॅनमध्ये किमान एक इंच पाहिजे, इंजिन माउंटिंग बसलेली असतील तर आधी ती बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर फॅन नव्या कोअरला खाईल. फॅनची पाती उलटी बसलीत का तेही बघा. उलटी बसली तरी हवा त्याच दिशेला जाते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण बरीच कमी जाते. बेल्ट अंगठ्याने दाबून अर्धा इंच दबावा, जास्त ढिला असेल तर घाटात घसरतो आणि फॅन आणि पंप दोन्ही मंदावतात.

इलेक्ट्रिक फॅन मी सध्या नको म्हणतो त्याचं कारण करंट. साधा 12 इंची फॅन 8-10 अँपिअर घेतो, सुरू होताना जास्त. तुमच्या गाडीला डायनॅमो आहे की अल्टरनेटर ते आधी बघा. जुना लुकासचा सी40 डायनॅमो, जो त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत यायचा, तो पूर्ण रेसवर 22 अँपिअर देतो आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही, आणि फॅनची गरज नेमकी आयडलिंगला. संध्याकाळी हेडलाइट, वायपर आणि फॅन एकदम चालले की बॅटरी महाबळेश्वरला उतरलेली मिळेल. अल्टरनेटर असेल आणि हौसच असेल तर ओरिजिनल फॅन तसाच ठेवून पुढं छोटा फॅन मदतीला लावा, वायर थेट स्विचवर न नेता रिले आणि 20 अँपिअरचा फ्यूज घालून, आणि थर्मो स्विच 90 च्या आसपास चालू होणारा. जाळीतून आरपार प्लास्टिकच्या पट्ट्या घालून फॅन बांधतात तसं करू नका, हादऱ्याने त्या ट्यूबा कापतात. फॅनला पत्र्याची फ्रेम करा.

थर्मोस्टॅट परत बसवा हे मी वर लिहिलं त्यावर तुमचा मिस्त्री भांडेल, कारण काढला की गाडी थंड राहते असं आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. काढल्यावर गावात इंजिन कधी पूर्ण तापतच नाही, ऑइलमध्ये पाणी-पेट्रोल साठून चिखल होतो, रिंगा लवकर झिजतात, ॲव्हरेज पडतो. आणि लोड आल्यावर, थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे पंप ब्लॉकमध्ये जे प्रेशर धरून ठेवतो ते जातं आणि हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास वाफेचे कप्पे तयार होतात, काटा दाखवत नाही पण तिथं हेड भाजतं. पंपाचं शास्त्र किर्लोस्करवाडी ज्यांच्या जिल्ह्यात आहे त्यांना मी काय शिकवू. 82 अंशाचा घ्या, बसवायच्या आधी घरी पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर ठेवून उकळत नेऊन बघा, 82 च्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी खळखळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे. त्याच्या चकतीला 3 मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि ते वरच्या बाजूला येईल असा बसवा, हवा त्यातून निघून जाते.

कोअर बाहेर असतानाच ब्लॉक धुवा, नवी कोअर टाकल्यावर नाही, नाहीतर ब्लॉकमधला सगळा गाळ पहिल्या आठवड्यात नव्या ट्यूबांत. ब्लॉकचा ड्रेन प्लग काढल्यावर पाणी येत नसेल तर आत तार घाला, शेवटच्या सिलिंडरमागं लाल गाळ दगडासारखा बसलेला असतो. सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत, पाण्यात विरघळवून भरा, गाडी थोडा वेळ गरम चालवा, काढा, मग स्वच्छ पाण्याने येईल तितक्या वेळा धुवा. संडास धुवायचं ॲसिड चुकूनही नको. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, ते हेड खातं. याच कारणासाठी नुसतं पाणी पण नको, त्या हेडची पाण्याची भोकं झिजून गॅस्केटची कड उघडी पडते हे प्रत्येक जुन्या पद्मिनीत दिसतं. अँबेसिडरच्या 1489 सीसी इंजिनला हेड बिडाचं आहे, ते निभावून नेतं.

कूलंट एक हिस्सा आणि बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर दोन हिस्से, एवढं बास. निम्मं-निम्मं बर्फाच्या प्रदेशात लागतं. ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, त्यामुळे जास्त टाकलं म्हणजे जास्त थंड असं होत नाही, आपल्याला ते गंजासाठी पाहिजे. जुन्या पद्धतीचं हिरवं घ्या, झाळलेल्या तांब्या-पितळेला तेच बरं, पण डब्यावर वाचा, कारण रंगाला काही नियम नाही. दोन वर्षांनी बदला. होज सगळे नवीन, खालच्या होजमध्ये आत स्प्रिंग असतो तो काढून फेकू नका, पंप ओढतो तेव्हा होज चपटा होऊ नये म्हणून तो आहे.

हे सगळं झाल्यावर पहिल्यांदाच पसरणीला जाऊ नका. आधी हायवेला कराडपर्यंत, मग साताऱ्यापर्यंत येऊन यवतेश्वरचा घाट चढून बघा, छोटा आहे, वाटेत थांबायला जागा आहे, आणि साताऱ्यात रेडिएटरवाले आहेत. घाटात थर्डमध्ये गुदमरत नेऊ नका, सेकंडला घ्या, इंजिन जरा ओरडलं तरी चालेल, रेस जास्त म्हणजे पंप आणि फॅन दोन्ही जोरात फिरतात. काटा तीन चतुर्थांशच्या वर गेला तर बाजूला घ्या पण लगेच बंद करू नका, न्यूट्रलला जरा रेस धरून दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. झटकन बंद केलं की पंप थांबतो, हेडची उष्णता तशीच पाण्यात उतरते आणि बंद गाडी पाणी फेकते. पाणी आधीच उडालेलं असेल तर मात्र लगेच बंद करा. कॅपला अर्धा तास हात लावायचा नाही, फडकं धरून सुद्धा नाही, आणि गरम इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड वाकतं.

डिकीत एक जादा बेल्ट, एक वरचा होज, दोन क्लॅम्प आणि पाच लिटर पाणी तेवढं ठेवा. पाणी डिस्टिल्ड नसलं तरी चालेल, फक्त घरी पोचल्यावर ते काढून टाका. आणि कराडपर्यंत काटा कुठं राहिला ते कळवा, कोअर ऑर्डर करायच्या आधी.